न हललेला आकडा

प्रियदर्शनी नांदेडला एक खोली करून राहते आणि चक्रीवादळांवर संशोधन करते. शेजारणी उद्या पाऊस येईल का एवढंच विचारतात, म्हणून तिनं समजावून सांगणंच सोडलंय.

बंगालच्या उपसागराच्या काठाकाठानं हवेचा दाब मोजणारी केंद्रं आहेत. ज्या दोन केंद्रांचा दाब बरोबरीनं चढतो-उतरतो, त्यांच्यात ती संगणकावर एक धागा ओढते. वादळ जवळ आलं की लांबलांबची केंद्रंही एकमेकांना बांधली जातात, आणि त्या जाळ्यावरून वादळाची चाल समजते.

आज एका केंद्राला एकही धागा नव्हता. वादळ थेट डोक्यावरून गेलं तरी तिथला आकडा जागचा हलला नव्हता. एखाद्या नवख्याला वाटलं असतं, तिथं सगळं शांत होतं. प्रियदर्शनीनं ओळखलं की यंत्रच अडकलंय. तिनं ते केंद्र जाळ्यातून काढून टाकलं.

संध्याकाळी तिनं कंधारला वडिलांना फोन लावला. आई गेल्यापासून ते घरात एकटेच असतात.

"जेवलो. बरा हाय मी," ते म्हणाले.

कालही हेच म्हणाले होते. आई गेली त्या आठवड्यातही हेच.

बाबा, खरं सांगा, असं अगदी तिच्या ओठांवर आलं होतं.

"तू कशी हायस, माय?" त्यांनी लेकीला विचारलं.

"बरी हाय, बाबा," ती म्हणाली. रोज म्हणते तसंच.