हजर व्यक्ती: दोन

गुरुवार, ९ ऑगस्ट २००७. दुपारी तीनच्या सुमारास मी नारायण पेठेतल्या आमच्या संस्थेच्या ऑफिसात गृहभेटीचा अहवाल पक्का उतरवून काढत होते.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मांजर आडवं गेलं म्हणून कोणी थांबलं, तर मांजरालाही कुठे जायचं असेल, एवढंच मी म्हणते. हे लिहितेय, कारण इतकी वर्षं झाली तरी मला त्याचा हिशेब लागलेला नाही.

बालकल्याण समितीने ज्यांची मुलं ताब्यात घेऊन बालगृहात ठेवली आहेत, त्या आईबापांना आम्ही मदत करतो. कागद जमवणं, घराची सोय लावणं, तारखेला सोबत जाणं... सुनीताची फाइल माझ्याकडे आदल्याच दिवशी आली होती. ती बघणारी मुलगी कॉल सेंटरला लागली आणि जाताना गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून गेली.

सुनीता यवतमाळकडची. नवरा सोडून गेलेला. हडपसरला एका आयटी कंपनीच्या इमारतीच्या बांधकामावर होती. कामावर जाताना पाच वर्षांच्या पूनमला खोलीत कुलूप लावून ठेवायची. कोणीतरी कळवलं आणि पोरगी बालगृहात गेली. त्यानंतर बाईने बांधकाम सोडलं, तिथेच हाउसकीपिंगचं काम धरलं, दुपारी दोनची पाळी. पोरीला सांभाळायला शेजारीणही तयार केली. सगळं जागेवर होतं. अडलं होतं एकाच कागदापाशी. पूनमने समितीपुढे सांगितलं होतं, "माय माह्याशी बोलतच नाही. मले नाही जायचं." पुढची तारीख मंगळवारी होती. तेव्हाही ती हेच म्हणाली असती, तर तिला लांबच्या संस्थेत पाठवायचं ठरत होतं. मग आईला भेटणंही मुश्किल.

तर त्या गुरुवारी सकाळी अकराला मी हडपसरला तिच्या खोलीवर गेले. पाऊस होता, माझी छत्री एका काडीपाशी गळत होती. सुनीताने दारात पोतं टाकलं आणि भाकरी थापता थापता उत्तरं दिली.

"मी तिच्याशी बोलत नाही, असं कोन सांगते तुमाले?" एवढंच ती जरा मोठ्याने म्हणाली. "भेटीच्या दिवशी तोंड फिरवून बसते पोरगी. मी बोलूनबोलून थकते, मॅडम."

माझी एक पद्धत आहे. फॉर्म मी तिथेच भरते, पेनाने, जे दिसेल ते. आठवून लिहायला लागलं की माणूस आपल्या मनातलं लिहितो. सगळं भरून झाल्यावर मी सुनीताची सही घेतली. तिने न वाचताच केली.

तोच फॉर्म तीन वाजता माझ्यासमोर होता. 'भेटीच्या वेळी घरात हजर व्यक्ती' या रकान्यात मी लिहिलं होतं: दोन. शेऱ्यात लिहिलं होतं: 'शेजारची मुलगी, वय अंदाजे पाच, दोन वेण्या, उजव्या भुवईवर जुनी खूण. बाईचा पदर धरून बसली होती. बाई तिच्याशी एक शब्द बोलली नाही.' हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं होतं. दारात आलेल्या पोराला जी भाकरीचा तुकडाही विचारत नाही, ती आपल्या पोरीशी काय बोलणार, असं माझ्या डोक्यात होतं.

पूनमचा चेहरा मी पाहिलेला नव्हता. अहवालाला जोडायला म्हणून बालगृहाचा दाखला काढला. ओळखीची खूण: उजव्या भुवईवर जुनी जखम. फोटोत केस बारीक कापलेले. उवांमुळे दाखल झाल्याबरोबर सगळ्यांचे कापतात. पण चेहरा तोच होता.

पाच वाजता मी बालगृहात पोचले. पूनम सकाळी कुठे होती, असं तिथल्या मावशींना विचारलं.

"कुठे जाणार?" मावशी म्हणाल्या. "अकरा वाजले की जिन्याच्या पायरीवर बसते, तासभर हलत नाही. डोळे उघडे, पण हाक मारली तरी ओ देत नाही. रोजचंच आहे, ताई."

पूनमला बाहेर आणलं. डोक्यावर वेणी घालण्याइतके केस नव्हतेच. मी नाव सांगायच्या आत ती म्हणाली, "तुमची छत्री गळते."

त्या वेळी छत्री माझ्या हातात नव्हती. ती ऑफिसात वाळत ठेवलेली होती.

"तुला कसं माहीत?"

"मायनं पोतं टाकलं होतं ना." मग बराच वेळ फ्रॉकची शिवण ओढत राहिली. "मी रोज जाते. पदर ओढते. माय बोलतच नाही."

मला घाम फुटला वगैरे नाही. मी तिला बिस्किटाचा पुडा दिला आणि बस पकडली. बसमध्ये मात्र माझा स्टॉप चुकला.

डॉक्टर मैत्रिणीला विचारलं, ती म्हणाली तुला भास झाला असेल. असेल. पण मग छत्री? पोतं? मंगळवारी पूनमने समितीपुढे काय सांगितलं, तेही सांगते: "माय आता बोलते." तरी कागद पुरे होऊन ती घरी जायला पाच महिने गेले. तोवर ती आईला भेटताना दचकायची, ते घरी गेल्यावरही बरेच दिवस टिकलं. तो कच्चा फॉर्म माझ्या खणात आहे. समितीला दिलेल्या अहवालात मी एक व्यक्ती लिहिली, शेरा गाळला. माझ्या नोकरीत खोटं लिहिलेला तेवढा एकच कागद.

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा हडपसरला गेले. अकरा वाजून गेले होते. सुनीताने पीठ मळायला घेतलं होतं. खोलीत आम्ही दोघीच. निदान मला तरी तिसरं कोणी दिसलं नाही. मी तिला काहीच समजावलं नाही. काय समजावणार? एवढंच म्हणाले, "आजपासून रोज या वेळेला पूनमशी बोलायचं. दिसली नाही तरी. ती इथे आहे असं धरून."

सुनीताने माझ्याकडे पाहिलं. वेड्यात काढेल असं वाटलं होतं. तिने पिठाचे हात परातीत झटकले आणि पदराकडे न बघताच म्हणाली, "पूनम, जेवली का वं?"

पदर ताणला गेला.