टक्क्याच्या चिन्हांची ओळ

सरांनी मीटिंगमध्ये माझा कोड मोठ्या पडद्यावर लावला आणि म्हणाले, "हे बघा. बालवाडी."

सगळे हसले. मीही हसले. त्याची लाज अजून जात नाही.

सोलापुरातली आमची छोटी कंपनी. सर आमचे टीमप्रमुख. लॅबमधून पेशंटच्या मोबाईलवर रिपोर्टचा मेसेज जातो, ते सॉफ्टवेअर आम्ही करतो. मेसेजचं वाक्य मी सरळ लिहिलं होतं. जिथं नाव येणार तिथं कंसात 'नाव', जिथं रक्तातल्या साखरेचा आकडा येणार तिथं 'साखर'. कुणीही वाचावं. सरांची पद्धत वेगळी. वाक्यात नुसती टक्क्याची चिन्हं, आणि शेवटी सगळी माहिती ओळीनं. कुठल्या चिन्हात काय पडणार ते बोटांवर मोजत बसायचं.

"सगळ्यांनाच वाचता आलं तर आपली किंमत काय?" सर म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "कोट्यातून आलं की एवढंच येतं."

आम्ही बौद्ध. माझे वडील, अण्णा, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस होते. कॉलेजात मी पहिली आले होते. तरी मान खाली घातली. सरांनी माझी ओळ पुसून स्वतःची टाकली.

पुढं लॅबनं मेसेजमध्ये मागच्या वेळची साखरही मागितली. ती सरांनीच घातली. क्रम चुकला. आजचा आकडा मागच्या जागी, मागचा आजच्या जागी.

एक दिवस करकंब गावाहून एका पेशंटची सून ऑफिसात आली. आवाज चढवला नाही तिनं. मोबाईल पुढं धरला. "ह्यात आज एकशेवीस लिवलंय. म्हनून आत्यांनी गोळ्या सोडल्या. आता आयशीयूत हायत. बोलत न्हाईत." एकशेवीस हा मागच्या वेळचा आकडा होता.

सरांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "हिचं काम."

ती गेल्यावर त्यांनी टाईप केलेला कागद पुढं ठेवला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे'. खाली सहीची जागा.

मी कागद परत सरकवला. कोडमध्ये प्रत्येक ओळ शेवटी कुणी बदलली त्याची नोंद राहते. ती उघडून पडद्यावर लावली. सरांचं नाव.

"ही ओळ माझी नाही. सही करणार नाही."

सगळ्यांनी वाचलं. कंपनीचे मालक म्हणाले, "विषय वाढवू नका."

घरी अण्णा म्हणाले, "कर की सही. आमी जलमभर केल्या. परत नोकरी कुटं मिळनार?"

त्यांचं खोटं नव्हतं.

मला कोडवरून काढलं, ग्राहकांचे फोन घ्यायला बसवलं. सर तिथंच आहेत. ओळही तशीच, आकड्यांचा क्रम तेवढा दुरुस्त केलाय. सून ऑफिसात येऊन गेल्यावर अकराव्या दिवशी ती सासू गेली.

मी सुनेला फोन करून खरं काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "आता काय करायचंय, ताई."

ती तक्रार करणार नाही. म्हणून मीच आरोग्य खात्याला तक्रार लिहिलीय. नोंदीचं पान सोबत जोडलंय. नोकरी जाईल. तक्रारीचं काही होईल असंही वाटत नाही. तरी पाठवणार. खाली माझं नाव घातलंय. पूर्ण. आडनावासकट.