उसाच्या हद्दीवरचा फालसा

फोन आला तेव्हा मी इंदापूरला तहसील कचेरीच्या फाटकाशी पत्रकं वाटत उभी होते. पत्रक कालव्याच्या पाण्याचं होतं आणि त्यातली भाषा नेहमीप्रमाणे कडक होती. पलीकडून दत्तादादा, म्हणजे माझा आतेभाऊ, एवढंच म्हणाला, "आई गेली. ये." सकाळी चुलीपाशी बसलेली, चहाचा कप हातात, आणि छातीत कळ... दवाखान्याची गाडी येईपर्यंत संपलं होतं. उरलेली पत्रकं पिशवीत कोंबून मी बारामतीची गाडी धरली. गळीत हंगाम नुकताच सुरू झाला होता. सगळा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी अडवलेला, आमची गाडी त्यांच्या मागं रांगत चाललेली. पणदऱ्याला पोचेपर्यंत मला उसाचा इतका राग आला होता की रडायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी चौकात तिचा फ्लेक्स लागला. खाली तीन शब्द: कष्टाळू, प्रेमळ, सोशिक. पहिले दोन मला मान्य आहेत. तिसरा शब्द ज्यानं घातला त्यानं माझ्या शालन आत्याला कधी परड्यात उभी राहून बोलताना ऐकलेलं नाही. आपल्याकडं बाई मेली की तिला सोशिक करून टाकतात. जिवंतपणी ती किती भांडली हे मग कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून मी सांगते.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. इंदापुरातून पणदऱ्याला दिली ती उसाच्या घरात. मामा, म्हणजे तिचे यजमान, लवकर गेले; मग शेत दत्तादादानं हातात घेतलं. घराच्या तिन्ही बाजूंना ऊस, आणि मागं एक परडं, दोन-चार खाटा मांडाव्यात तेवढीच मोकळी जागा. बाकी सगळ्या रानात काय लावायचं ते कारखान्याची तोडीची तारीख आणि कालव्याच्या पाण्याची पाळी ठरवायची. परड्यात काय लावायचं ते आत्या ठरवायची. एवढी एकच जागा तिच्या शब्दाची होती आणि दत्तादादाचा डोळा त्याच जागेवर होता. दर लागणीला तो एक सरी परड्याकडं सरकवायचा. "ट्रॅक्टर वळायला जागा लागती, आई," हे त्याचं कायमचं. ती म्हणायची, "ट्रॅक्टर वळंना तर नांगर धर. बा तुझा नांगरानंच वळत हुता."

या परड्यात फालसा कसा आला ते सांगायचं तर बारामतीच्या एका आइस्क्रीमच्या दुकानापासून सुरुवात करावी लागेल. आत्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. पट्टी काढून आणल्यावर मी तिला म्हटलं, चल, काहीतरी थंड खाऊ. नव्या डोळ्यानं तिनं काचेतले सगळे रंग पाहिले आणि जांभळ्यावर बोट ठेवलं. ते ब्लॅक करंट होतं.

"ह्ये कशाचं हाय गं?"

"परदेशी झुडुपाचं फळ असतं. पण यात तेसुद्धा नाही, काळे मनुके घातलेत. नाव एक आणि माल एक. सरळ फसवणूक आहे ही."

"खाताना भाषान करू नगं, वितळतंय." कप चाटूनपुसून झाल्यावर म्हणाली, "ह्याचं झाड लावायचं परड्यात."

मी समजावलं. त्या झुडुपाला कडाक्याची थंडी लागते, बर्फ पडेल अशी. आपल्या उन्हात ते जगलंच तर पानं काढेल, फळ धरायचं नाही. त्याच्या कितीही जाती असल्या तरी एकही पणदऱ्याची नाही.

"तू लावून बगितलंस?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे."

परदेशी झुडूप मिळालं नाहीच. पण काळं, आंबटगोड, ओंजळीत मावणारं काहीतरी परड्यात पाहिजे हे तिच्या डोक्यात बसलं ते बसलं. मी देशी झाडांची कट्टर कार्यकर्ती. मी करवंदाचा आग्रह धरला. त्यातही दोन तऱ्हा असतात: एक डोंगरातलं काळं, बारीक आणि गोड, दुसरं मोठं, गुलाबी-पांढरं, ज्याला पाकात घालून, लाल रंगवून विड्याच्या पानावर चेरी म्हणून खोचतात. चेरीच्या ढोंगाला मी साथ देणार नव्हते, म्हणून डोंगरी रोप आणून दिलं. पुढं जे झालं ते फक्त उसाच्या घरातच होऊ शकतं. दत्तादादाचा आईवर जीव होता, म्हणून त्यानं त्या रोपाचे लाड केले. उसाचे करतात तसेच. कारखान्याची मळी, म्हणजे रसातला उरलेला गाळ, घातली, युरिया टाकला, पाळी आली की पाट फोडून बुडवून ठेवलं. करवंदाला खरं म्हणजे मुरमाड जमीन आणि थोडी उपासमार लागते. ते इतकं माजलं की त्याच्या काट्यांतून मांजरसुद्धा जाईना, आणि फळ मात्र एक नाही. आत्या कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघायची. "अंगानं वाढलंय नुसतं. पैलवानाला पोरगी कोन देईना तसं झालंय."

तिथून तिनं नियम केला: परड्यातल्या झाडाला पाटाचं पाणी नाही, खताची टोपली नाही. "पाटाचं पानी दत्त्याचं. मोरीचं माजं." अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी मोरीतून चर काढून परड्यात सोडायची, आणि त्यावर जे दोन उन्हाळे काढेल ते राहील. तुती राहिली असती; पण तिची पिकलेली फळं शेजारच्या काकूंच्या दांडीवरच्या पांढऱ्या धोतरांवर पडली आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं, तेव्हा तुती गेली. जांभूळ तिनं दारातूनच परत पाठवलं. "त्ये नातवांचं झाड. मला माज्या दातांनी खायचंय."

मग एकदा ती इंदापूरला आमच्याकडं आली असताना आम्ही आठवड्याच्या बाजारात गेलो. तिथं एक टेम्पोवाला रोपं विकत होता. प्रत्येक रोपाला रंगीत चित्र बांधलेलं, आणि एका चित्रावर काळ्या फळांचा घोस, खाली नाव: ब्लॅक करंट. मी तिथल्या तिथं भडकले. ही पानं ब्लॅक करंटची नाहीतच, हे मी चार माणसांत सांगितलं. टेम्पोवाला म्हणाला, "ताई, घ्यायचं तर घ्या, न्हायतर गिऱ्हाईक तोडू नका." एवढ्यात आत्यानं रोप उचललंसुद्धा. परतीच्या वाटेवर मी तिला म्हटलं, तू फसलीस. ती म्हणाली, "अजून कुठं? फळ आल्यावर फशीन."

रोपाची पानं रुंद आणि खरखरीत निघाली. मोरीच्या पाण्यावर ते दोन उन्हाळे हसतखेळत राहिलं. दुसऱ्या वर्षी थंडी सरताना बारीक पिवळी फुलं आली आणि चैत्र संपता संपता वाटाण्याएवढी फळं जांभळी होत होत काळी पडली. आत्यानं मला फोन करून बोलावून घेतलं. मी पोचेपर्यंत तिचे ओठ जांभळे झालेले होते. मी एक तोंडात टाकलं... आधी आंबट, मग गोड, मग बारीक बी. "आत्या, हा फालसा आहे! त्या माणसानं तुला धडधडीत खोटं..."

"आसू दे. नाव त्यानं चुकीचं सांगितलं. झाडानं न्हाय."

मी मात्र पत्रक लिहून काढलं, 'रोपविक्रीतील लुबाडणूक थांबवा', आणि पुढच्या बाजाराला ते घेऊन निघाले. आत्या सोबत आली. टेम्पो तिथंच होता. मी पिशवीत हात घातला तोवर ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली होती, पदरात घरचे फालसे घेऊन.

"खा," ती म्हणाली. त्यानं खाल्ले. "काय हाय ह्ये?"

"फालसा हाय की, मावशी."

"मग चिठ्ठीवर आयस्क्रीमचं नाव का घातलंस रं? फालसा म्हनायला लाज वाटती व्हय? चांगल्या पोरीचं नाव बदलून लगीन लावतूस?"

भोवतीची माणसं हसली. तो ओशाळला. म्हणाला, फालसा म्हटलं की कुणी घेत नाही, मावशी. ती म्हणाली, "म्या घेते. ह्यात अजून कुठली जात आसंल ती दाव." त्यानं सांगितलं की दोन तऱ्हा येतात: एक ठेंगणी, भरपूर धरणारी, आणि एक उंच वाढणारी, फळ कमी पण रसाला भारी. आत्यानं चार ठेंगणी आणि एक उंच घेतलं आणि समोर उभी राहून त्याच्याकडून चिठ्ठ्या बदलून घेतल्या. माझी पत्रकं पिशवीतच राहिली. ती त्या दिवशी जास्त उपयोगाची नव्हती, हे मी मान्य करते. पण लिहिलं होतं ते खरं होतं.

ती सगळी रोपं तिनं कुठं लावली हे पाहिल्यावर मला कळलं की ही बाई केवळ चवीसाठी जात निवडत नव्हती. तिनं ती बरोबर उसाच्या शेवटच्या सरीला खेटून, रांगेत लावली. फालशाची रीत अशी की ऐन थंडीत त्याला बुडापासून गुडघाभर ठेवून छाटावं लागतं. मग नव्या फुटीवरच फळ धरतं. उसाचा खोडवा जसा कापल्या बुडख्यातून परत उठतो तसाच. दत्तादादानं एकदा ट्रॅक्टर वळवताना दोन झुडपं सपाट केली. महिन्याभरात ती पहिल्यापेक्षा दाट फुटून उभी! आत्या पायरीवर बसून म्हणाली, "आजून एकदा वळीव रं. छाटायची मजुरी वाचली."

आणि हे फळ बाजाराचं नाही. सकाळी तोडलं की संध्याकाळी सुरकुततं. कारखाना घेत नाही, व्यापारी घेत नाही. ज्याच्या घरामागं आहे त्यानंच खायचं आणि शेजाऱ्याला द्यायचं. धोतरांवरून तुटलेलं बोलणं फालशाच्या सरबतानं जुळलं. एवढ्या मोठ्या शिवारात, जिथं हिरवं आहे ते सगळं वजनकाट्यावर जाणारं, तिथं एका बाईनं वजनाला न जाणारी एक ओळ राखली. मी इतकी वर्षं पाण्यावर आणि पिकांवर पत्रकं छापते. माझ्या एकाही पत्रकानं उसाची एक सरी मागं सरलेली नाही. तिच्या फालशानं ऊस आहे तिथं थांबवला. याला सोशिक म्हणतात?

पण ते सगळं ती असेपर्यंत. ती गेल्यावर काय, हाच प्रश्न माझ्या डोक्यात होता आणि तो विचारायची जागा दहावा हीच होती. नीरेच्या काठावर पिंड ठेवला. बायकांनी मागं थांबायचं असतं म्हणे. मी पुढं जाऊन उभी राहिले. कावळा शिवायला वेळ लागला की घरची माणसं हात जोडून गेलेल्याला शब्द देतात, अमुक करीन, तमुक सांभाळीन. माझा बेत पक्का होता. कावळा थांबला की दत्तादादाला चारचौघांत म्हणायचं, परडं मोडणार नाही म्हण. आणि काय सांगू... पिंड ठेवून माणसं मागं सरली न सरली तोच कावळा आला, भाताचा घास उचलला आणि गेला. "पुण्यवान बाई," सगळे म्हणाले. आत्याला कुणाच्या आश्वासनावर ताटकळायचं नव्हतं. ते तिला शोभलंच. पण शब्द कुणी दिला नाही. मी परतताना त्याच्याशी बोलले नाही.

पौषात मी पणदऱ्याला गेले. खरं सांगायचं तर भांडायलाच गेले होते. परड्यात पाऊल टाकलं. फालशाची सगळी रांग कापलेली. गुडघाभर बुडखे आणि बाजूला काड्यांचा ढीग. मोडायचं असलं तरी पहिला घाव असाच घालतात, छाटायचं असलं तरी असाच. दत्तादादा कोयता पुसत होता.

"तोडलंस?" मी ओरडले. "महिना-दीड महिना कसाबसा गेला आणि तोडलंस? लाज..."

"हळू बोल, म्हस बुजतीया. पौष लागला न्हवं? आई ह्याच दिसांत छाटायची." तो खाली बघत म्हणाला. "अवंदा तिनं न्हाय छाटलं, म्हनून म्या छाटलं."

"आणि तुझा ट्रॅक्टर?"

त्यानं मानेनं रांगेपलीकडं दाखवलं. परड्याला लागून असलेली उसाची सरी नव्हती. तोड झाल्यावर त्यानं तिथला खोडवा ठेवलाच नव्हता; बुडखे उपटून बांधावर टाकले होते. जमीन उघडी, काळी पडलेली. "ट्रॅक्टर तिकडच्या अंगानं वळवतो आता. लांब पडतंय जरा." मग नजर चुकवत म्हणाला, "हितं फालशाची अजून एक वळ लावावी म्हंतो. तू इंदापुरात असतीस. त्या टेम्पोवाल्याकडनं आन. पर कंची आनायची? ठेंगनी का उंच?"

"दोन्ही आणते."

"दोनी न्हाय. एकच वळ हाय. निवड कर."

ठेंगणीला फळ जास्त, तोडायला सोपं, छाटायला हलकं. कुणीही शहाणा माणूस ठेंगणी म्हणाला असता.

"उंच," मी म्हणाले.

"का? फळ कमी त्याला."

"फळ कमी, पण रस्त्यानं जाणाऱ्याला तिकडून दिसेल. ऊस कुठं थांबला ते."

दत्तादादा पहिल्यांदा हसला. "आईचीच भाची," म्हणाला आणि भिंतीला टेकवलेली पहार घेऊन पहिल्या खड्ड्याच्या जागी उभा राहिला. पहार एका घावात हातभर आत गेली. इतकी वर्षं उसाला पाजलेलं पाणी त्या मातीत अजून होतं.