कळीचा दगड

हिवाळी सकाळी खाऱ्या वाऱ्यात ओल्या सिमेंटचा वास मिसळला, की आजही माझ्या जिभेवर विलायती घरांच्या भागांची ती नावं नाचू लागतात: गेबल, फॅनलाइट, बे विंडो, व्हूस्वार, कीस्टोन. नव्वदच्या दशकात आखातातल्या अजमानच्या वाळूत आम्ही जुन्या लंडनच्या गल्लीसारखी बंगल्यांची रांग उभारत होतो. आमच्या पाथरवटाच्या घरातला पहिला पदवीधर मी. इंग्लंड न पाहताच त्याच्या रस्त्यांची भाषा मी वहीत दोन रकान्यांत उतरवून घेतली होती, एकीकडे शब्द, दुसरीकडे अर्थ, आणि खरं सांगतो, त्या वहीचा मला भारी गर्व होता.

त्या दिवशी अकरा वाजता इंग्रज वास्तुविशारद पहिली कमान पाहायला येणार होते. पसंत पडली तर पुढच्या साऱ्या कमानी माझ्या हाती. नाहीतर परत ऑफिसात नकाशे गुंडाळणं. नकाशात व्हूस्वारना, म्हणजे कमानीच्या पाचरीसारख्या दगडांना, डावीकडून एक ते तेरा आकडे होते. "आकड्यांप्रमाणे लावा," मी हुकूम सोडला. पाचव्या दगडाला खालचा लाकडी साचा एका अंगाला कलला.

"इंजिनिअर, कमान काय पेपर आहे, डावीकडून वाचायला?" रत्नागिरीचे वृद्ध गवंडी हसनचाचा म्हणाले. "दोन्ही खांद्यांवरून सारखी चढवायची. मधला सगळ्यात शेवटी. यल्ला, चला, उतरवा!"

"चाचा, आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही वहीतून बोलत होतात. मध्ये कसं बोलणार?"

मग एक डावा, एक उजवा, असे दगड चढत गेले. कोवळं ऊन त्यांच्या कडांवर सोनेरी रेघा ओढत राहिलं आणि वर उरली एकच निळी फट, आकाशाच्या तुकड्याएवढी. चाचांनी मधला दगड त्या फटीत टेकवला आणि तो ठोकायला लाकडी हातोडा माझ्या हातात दिला.

"ह्याला काय म्हणतात वहीत?"

"कीस्टोन."

"कळीचा दगड म्हणा की! बापाने नाही शिकवलं?"

बाबा पापण्यांवर दगडाची भुकटी घेऊन घरी यायचे. छिन्नीच्या आवाजाबरोबर असले कितीतरी शब्द अंगणात उडायचे, आणि मी कानात बोटं घालून अभ्यास करायचो.

अकराला साहेबांनी कमानीवरून हात फिरवला. "लव्हली," म्हणाले. सगळ्या कमानी माझ्या झाल्या.

शुक्रवारी गावी फोन लावला. बाबांचं नेहमीचंच, "जेवलास?" एवढंच. मी म्हटलं, "बाबा, कमानीच्या त्या पाचरीच्या दगडाला तुम्ही काय म्हणता?"

मग बाबा बोलू लागले, भरभर, अडखळत, हसत. वहीत बाबांच्या शब्दांसाठी तिसरा रकाना आखायला मी पट्टी शोधत होतो. फोनचं कार्ड संपत आलं होतं, आणि बाबा अजून पायाच्याच दगडांवर होते.