बसवंतप्पानं चाखलेलं पाणी

"बाटली कशाला पाठवता सिस्टर, मी चाखलोय की. गोड आहे पाणी."

बसवंतप्पा हे टांझानियात बोलला त्याला दहा वर्षं झाली. हा मराठी-कानडी सीमाभागातल्या खटकचिंचोळी गावचा माणूस तेव्हा हैदराबादच्या एका मालकाच्या बोरच्या गाडीवर ऑपरेटर होता. मालकानं गाडी जहाजानं आफ्रिकेला पाठवली आणि मागून विमानानं याला. तिथं एका डोंगराच्या पायथ्याशी ख्रिस्ती जोगिणींचा अनाथाश्रम होता. आश्रम चालवणाऱ्या सिस्टर फेलिसिता मूळच्या मंगळूरकडच्या. तितक्या लांब कुणी कानडीत 'अण्णा' म्हणून हाक मारल्यावर बसवंतप्पा तिथला परका राहिला नाही.

आश्रमातली मुलं ओढ्याचं पाणी पीत. दर पावसाळ्यात दोन-तीन मुलं जुलाबानं जात. चर्चमागं लहान लहान क्रुसांची एक रांग झाली होती. बोर मारताना दोनशे ऐंशी फुटांवर काळ्या खडकाची भुकटी ओली येऊ लागली, मग फवारा उडाला. बसवंतप्पानं ओंजळ धरली आणि चाखलं. आपल्याकडचे जुने बोरवाले असंच करतात. खारट की मचूळ की गोड, निकाल जिभेवर लागतो. सिस्टर म्हणत होत्या, नमुना शहरात तपासायला पाठवू, तीन आठवडे थांबू. तीन आठवड्यांत आणखी एखादं मूल जाईल, असं त्याला वाटलं. त्याच आठवड्यात हातपंप बसला.

पुढं गाडीचा कॉम्प्रेसर बिघडला आणि तो चार महिने तिथंच अडकला. नीमा नावाची तीन वर्षांची पोरगी रोज त्याच्या खांद्यावर बसून पंपावर यायची. त्या पावसाळ्यात एकही मूल गेलं नाही. आयुष्यात आपल्या हातून एक तरी काम नीट झालं, असं तो नंतर बरीच वर्षं मानत होता.

मागच्या उन्हाळ्यात तो चिंताकी गावाच्या पलीकडं एका तांड्यावर गेला होता. तिथल्या पोरांच्या दातांवर तपकिरी रेघा होत्या. चाळिशीचा एक माणूस मान वळवता येत नाही म्हणून सगळं अंग वळवून बघत होता. हे पाणी पिऊ नये म्हणून हापशाला सरकारी माणसांनी लाल रंग फासला होता. बसवंतप्पानं सवयीनं ते पाणी चाखलं. मऊ, गोड. अगदी तसंच.

"चव चांगलीच हाय की अप्पा," जवळची म्हातारी म्हणाली, "म्हणून तर इतकी वर्सं पिलाव. ह्यानं हाडं वाकत्यात म्हणं. चवीवरनं कसं कळावं?"

त्यानं जुन्या मालकाला फोन केला. एक गाडी टांझानियाला जाणारच होती.

"आता कामून जायलाव?" बायको गौरम्मानं विचारलं. "गुडघे कडाकडा वाजायलेत तुमचे."

"लेकरं बघून येतो."

"कोणाची? आपल्या नातवाच्या, सोनूच्या बारशाला कुठं होताव तुमी?"

"तिकडंच."

"मग ऱ्हावा तिकडंच. येसूच्या बायांना म्हणावं, गळ्यात लिंग बांधलेला लिंगायत म्हातारा हाय, ठेवून घ्या. भाकरी तेवढी पातळ लागती त्याला."

एरवी तो हसला असता. तांड्यावर काय बघितलं ते त्यानं तिला सांगितलंच नव्हतं. तो हसला नाही हे बघून ती शेंगाची चटणी बांधायला लागली.

आश्रमात मुलं स्वागताला ओळीनं उभी होती. त्यांनी गाणं सुरू केलं, तोंडं उघडली, आणि बसवंतप्पाला बघायचं होतं ते तिथंच दिसलं. अलीकडं आलेल्या चिमुरड्यांचे दात पांढरे होते. बाकी सगळ्यांचे तपकिरी.

नीमा ओळीतून बाहेर आली. तेराची, पण उंची आठ वर्षांच्या पोरीएवढी. दोन्ही पाय गुडघ्यांत बाहेर वाकलेले, चालताना बोटीसारखी हलत होती. तिनं त्याला ओळखलं, त्याच्या खांद्याकडं बोट दाखवून हसली, आणि पाहुण्यासाठी पंपावरून पेलाभर पाणी घेऊन आली.

तो पेला हातात धरून तो सिस्टरच्या खोलीत बसला.

"गेल्या वर्षी शहरातले डॉक्टर आले," सिस्टर म्हणाल्या. "म्हणाले, पाण्यातल्या फ्लोराईडमुळं आहे हे. मी त्यांच्याशी भांडले अण्णा. म्हटलं, आमच्या बसवंतप्पानं तपासून दिलंय. मग शेवटी बाटली पाठवली."

त्यांनी तपासणीचा कागद पुढं सरकवला. त्यानं तो वाचला नाही.

"दुसरीकडं बोर मारला तर?" त्यानं विचारलं.

"ह्या सगळ्या पायथ्याला हेच पाणी आहे म्हणतात. गाळायचं यंत्र मागितलंय, उत्तर नाही. टँकर इथवर चढत नाही. पंपाला कुलूप घातलं तर पुन्हा ओढा." त्या थांबल्या. "तुम्ही गेल्यापासून चर्चमागं एकही नवा क्रूस नाही. हे पण खरं आहे ना?"

बाहेर कुणीतरी पंप मारत होतं. लहान पोरं पाण्यासाठी एकमेकांना ढकलत हसत होती.

"तुम्ही आमच्यासाठी देवाचा माणूस आहात, अण्णा. म्हणून तुम्हालाच विचारते. बंद करू, की राहू दे? तुम्ही म्हणाल तसं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला काही बोलता आलं असतं. त्यानं भरलेला पेला कागदावर ठेवला, टेबलाला धरून उभा राहिला आणि या वेळचा निकाल त्यांच्यावरच सोडून दारातून बाहेर निघून गेला.