बाबूआजोबांची एक ओळ

प्रिय अन्वी आणि ईशान,

फोनवर सोनेरी शर्टातला एक माणूस नाचत गाताना सापडला आणि तुम्ही विचारलेत, "आजी, हे खरंच आपले बाबूआजोबा?" होय, तेच, माझे धाकटे दीर. त्यांना जाऊन येत्या गणेश चतुर्थीला वर्ष होईल. तुम्ही त्यांना फक्त आरतीतच पाहिलेत, म्हणून आधीचे क्रमाने लिहून ठेवते.

टाळी मिळाल्याशिवाय त्यांचे गाणे संपत नसे. त्यांच्या कोकणी कॅसेट गोव्यात आपल्या पेडणे तालुक्यातल्या प्रत्येक बसमध्ये वाजत. घरी न्हाणीत गायले तरी शेवटचा सूर लांबवून वाट पाहायचे. मी पळी कढईवर वाजवली की आतून आवाज यायचा, "वयनी, पब्लिक बरी आसा!"

मग एके वर्षी हॉटेलांतले कार्यक्रम सोडून ते पार्श्याला, आपल्या गावी, राहायला आले. म्हणाले, "थंय लोक जेवतात आनी हांव गायतां. कोण आयकता?"

त्या चतुर्थीला गावची मंडळी आपल्याकडे आरतीला आली. एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी मातीच्या घुमटांच्या ठेक्यावर ती उचलायची, ही आपली रीत. बाबूआजोबा पुढे उभे राहिले आणि अख्खी आरती एकटेच गायले. गायले मात्र सुंदर. शेवटचा सूर लांबवून सवयीने थांबले. टाळी पडली नाही. घुमटे तर केव्हाच गप्प झाली होती.

घुमट मांडीवर घेऊन बसलेले म्हातारे पुरसोमामा म्हणाले, "बाबू, गळो बरो तुजो. पूण आमकां जागो खंय दवरलो? देव काय तुज्या एकल्याचो?" आम्हाला ओळ उचलायला जागाच ठेवली नाहीस, असे त्यांचे म्हणणे.

बाबूआजोबांनी प्रसादाच्या गोड नेवरीलाही हात लावला नाही. सकाळी त्यांची भरलेली बॅग दिसली, तेव्हा मला वाटले, गेले हे परत.

पण त्या दिवशी आरती पुरसोमामांकडे होती. ते तिथे गेले, शेवटच्या चटईवर बसले आणि झांजा हातात घेतल्या. "आज हांव पब्लिक," म्हणाले.

बॅग मीच रिकामी केली. दोन चतुर्थ्या ते मागेच बसले. तिसऱ्या वर्षी पुरसोमामाच म्हणाले, "आतां म्हण." बाबूआजोबांनी एक ओळ म्हटली आणि थांबले. सगळ्या मांडवाने ती उचलली. इतके खूश मी त्यांना सोनेरी शर्टातही पाहिले नव्हते.

पुढे एकजण त्यांच्या आरत्यांची कॅसेट काढायला आला. त्याला म्हणाले, "सगळ्यांक व्हरपाची गाडी घेवन यो." आम्हा सगळ्यांना नेशील तरच येतो, असा अर्थ. तो पुन्हा आला नाही.

म्हणून ती आरती तुम्हाला फोनवर सापडणार नाही. आता पहिली ओळ पुरसोमामांचा नातू म्हणतो. तोही तिथे थांबतो, आणि आम्ही सगळे ती उचलतो.