डब्याखालचा दिवा

सलीमच्या घरून भाभींचा फोन आला तेव्हा मी मानोऱ्याच्या बाजारात वांगी तोलत होतो. "भाऊ, हे नाही राह्यले..." मी नुसतं "बरं" म्हणालो आणि समोरच्या बाईला अर्धा किलो वांगी देऊन वर दोन मिरच्याही टाकल्या. त्याला दीड महिना झाला. मातीलाही जाऊन आलो, पण अजून डोळ्यांतून टिपूस आलेलं नाही.

सलीम माझा शाळेपासूनचा दोस्त. मानोऱ्यात त्याचा फोटो स्टुडिओ. लग्नात नवरा-नवरीच्या तोंडावर लख्ख उजेड पाडून पोट भरायचं आणि अमावस्येला अंधार शोधत माझ्या इंझोरीच्या मळ्यात यायचं, असा उफराटा माणूस. "सारा मोहल्ला चांद पाह्यते गजू, अन् मी बिनचांदाची रात शोधून राह्यलो," म्हणायचा. पोरवयात आम्ही विहिरीजवळ खाट टाकून जी आकाशगंगा बघायचो, तिचा एक फोटो त्याला स्टुडिओच्या भिंतीवर लावायचा होता. बस, एवढंच मागणं.

पण आभाळ आता पूर्वीचं कुठं राहिलंय? मानोऱ्याचा उजेड इथवर दिसतो, पोहरादेवीच्या यात्रेत तर दुसरी बाजूही उजळते. सलीमकडे पिवळ्या दिव्यांचा उजेड गाळणारी एक काच होती. रस्त्यावर पांढरे एलईडी आले तशी ती पेटीत गेली. कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवला की आभाळ ताकासारखं पांढुरकं यायचं. म्हणून तो थोड्या थोड्या सेकंदांचे पुष्कळ फोटो काढायचा आणि घरी कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचा. पाऊस पडून धूळ बसली की लगेच यायचा. मानोऱ्याकडे पाठ करून, विहिरीच्या कठड्याआड मांडी घालून बसायचा. मी हसायचो, "काहून एवढा आटापिटा बे? इंटरनेटवर ढिगानं फोटो हायेत." तो म्हणायचा, "त्यात आपली हीर नाही ना."

मग रानडुकरं माजली आणि मी विहिरीवर खांब रोवून सोलरचा दिवा लावला. अंधार पडला की आपोआप लागणारा. त्याला सांगायचं सुचलंच नाही. अमावस्येला सलीम आला, दिव्याकडे बघत राहिला आणि कॅमेरा बाहेर न काढताच परत गेला. पुढच्या खेपेला तेलाचा रिकामा डबा कापून, आतून काळा रंगवून घेऊन आला. "गजू, दोन घंटे हा डबा घालू दे त्याच्यावर. मंग काढून घेतो."

"अन् डुकरं घुसली तर?" मी म्हणालो. रताळी नुकती पोसायला लागली होती.

"बरं, राहू दे. पुढच्या अमावस्येले पाहू..." डबा कठड्यावर ठेवून तो गेला. पुढची अमावस्या यायच्या आतच त्याचं हृदय थांबलं.

त्यानं मागितलं असतं तर मी दिवा काढून ठेवला असता, असं मी भेटायला येणाऱ्यांना सांगतो. पण त्यानं मागितलं होतं. दोनच तास मागितले होते आणि मी रताळ्यांकडे बघितलं.

परवाच्या अमावस्येला शिडी लावून मी तो डबा दिव्यावर चढवला. खाट टाकली, वर बघितलं. आकाशगंगा होती, फिकट, पण होती. मला काहीच वाटलं नाही. कॅमेरा असता तरी मला कुठं चालवता येतो! सकाळी रताळ्याचे दोन वाफे उकरलेले दिसले.

डबा मी काढलेला नाही. रोज संध्याकाळी दिवा त्याच्या आत लागतो, सकाळी विझतो.